ग्लॅडिओलसने मान टाकली, आता?

गॅदरिंगला प्रमुख पाहुण्यांच्या हातात जो उंचच उंच बुके देतात, त्यात एका लांब दांड्यावर ओळीने फुलं असतात ना, तेच ग्लॅडिओलस. लॅटिनमध्ये ‘ग्लॅडिअस’ म्हणजे तलवार. पानं पाहिली की नाव लगेच पटतं. बहुतेक जाती मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या, पण आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कंद लावले तर थंडीत मस्त फुलतात. क्वार्टर्सच्या अंगणात, आपापल्या घरच्या कुंड्यांत, कुठेही.

आणि मग एक दिवस झाड मान टाकतं. घरातला जो कोणी पहिल्यांदा बघतो तो धावत जाऊन बादलीभर पाणी ओततो. निम्मी झाडं या बादलीनेच जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. सर्किट चालत नाही म्हणून कोणी सरळ व्होल्टेज वाढवतं का? आधी मल्टिमीटर लावतो. इथेही तेच करायचं.

पहिलं म्हणजे, कोमेजलंय नक्की काय ते बघा. दांड्यावरची फुलं खालून वर उमलत जातात. वरच्या कळ्या फुलेपर्यंत खालच्या फुलांचं आयुष्य संपलेलं असतं. फक्त खालचीच फुलं मलूल असतील तर तो फॉल्ट नाहीच. ती खुडून टाका, विषय संपला.

सगळं झाडच मलूल दिसत असेल तर घाई न करता दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. दुपारी उन्हात पानांतून जितकं पाणी उडून जातं तितकं मुळं वर पोचवू शकत नाहीत, म्हणून झाड वाकतं. रात्रीत हिशोब जुळतो आणि सकाळी ते ताठ होतं. असं असेल तर सकाळी मुळाशी पाणी द्या, मातीवर वाळक्या पानांचा थर पसरा. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली कुंडी जरा सावलीकडे सरकवा, कारण संध्याकाळपर्यंत ती भिंत तव्यासारखी तापलेली असते. चार-पाच पानं आली की आत फुलदांडा तयार होऊ लागतो. त्या काळात पाण्याची ओढ बसली तर दांडा आखूड राहतो आणि फुलंही कमी येतात. नंतर कितीही पाणी घातलं तरी ते भरून निघत नाही.

आता खरी गोम. सकाळीसुद्धा झाड उठलं नाही तर मातीत बोट खुपसा. दोन पेरं खोल माती ओली लागली तर पाण्याची कमतरता नाहीच, उलट मुळांना हवा मिळत नाहीये. आपल्या काळ्या मातीत हे हटकून होतं, आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तरी होतं. शेतकरी ‘वापसा’ म्हणतात, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही, हवा खेळती. तो आल्याशिवाय पुढचं पाणी नको. लावताना मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळलं असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

पानं अवेळी पिवळी पडत असतील, झाड एका बाजूला झुकत असेल, तर संशय फ्युजेरियम या बुरशीवर. पाणी वर नेणाऱ्या नळ्यांपर्यंत ती पोचली की पाइप चोकअप झालाच म्हणून समजा. मातीत पाणी असूनही वर पोचत नाही, आणि आपण आणखी ओततो! ओल आणि उष्णता तर तिला हवीच असते. खात्री करायची तर एक झाड उपटून कंद उभा कापा. आत तपकिरी डाग, गाभा काळपट दिसला की निकाल लागला. त्याला औषध नाही. असे कंद फेका, पण खतखड्ड्यात नको. त्या जागी तीन-चार वर्षं ग्लॅडिओलस लावू नका, कारण बुरशी मातीत टिकून राहते.

पानांवर चंदेरी रेघा आणि कळ्या न उमलताच सुकलेल्या? हे फुलकिड्यांचं काम. जुन्या जर्नलचा पांढरा कागद धरून त्यावर कळी झटका, बारीक किडे पळताना दिसतील. संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा, आठवड्याने पुन्हा. खराब कळ्या काढून टाका.

फूल कापताना खाली चार पानं तरी ठेवा. जुना कंद आटत जातो आणि त्याच्या डोक्यावर नवा कंद भरतो, तो याच पानांच्या जिवावर. फुलं संपल्यावर दीड-दोन महिन्यांनी पानं पिवळी पडली की कंद खणा, सावलीत सुकवा आणि जाळीच्या पिशवीत टांगून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, घाम सुटून कुजतात. मऊ लागेल तो कंद आधीच वेगळा काढा, नाहीतर शेजारचेही घेऊन जाईल.