हवामानाची धास्ती आणि आपली मुलं

ही धास्ती आजार आहे का? बहुतेकांच्या बाबतीत नाही. 2021 मध्ये भारतासह 10 देशांतल्या 10,000 तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. 45 टक्क्यांहून जास्त जण म्हणाले, या काळजीचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. मग आपण काय सांगतो? 'झाड लाव, सायकल चालव', आणि मोकळे होतो! पण स्वीडनमध्ये मारिया ओयाला यांना 12 वर्षांच्या मुलांत वेगळंच आढळलं. नुसते उपाय शोधणारी मुलं कामाला लागतात खरी, पण मनाने जास्त खचलेलीही असतात. साहजिक आहे हो, एकट्या पोराच्या सायकलने एवढा प्रश्न सुटतो थोडाच? ज्यांचा इतरांवर, म्हणजे शास्त्रज्ञांवर, मोठ्यांवर भरवसा असतो, ती तग धरतात. तेव्हा झाड लावायचंच असेल, तर तुम्हीही खड्डा खणायला जा.