सामायिक इमारतींतील वीज-पाण्याच्या खर्चाची न्याय्य विभागणी : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाड व पोलादपूर ही दक्षिण रायगडमधील तालुक्याची ठिकाणे. येथील कौलारू घरांच्या शेजारी आता बहुमजली इमारती उभ्या आहेत. औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी आलेला कामगार बिरवाडी परिसरात भाड्याने खोली घेतो. मुंबईचा चाकरमानी गावाकडे सदनिका घेतो आणि ती गणपती-शिमग्याखेरीज बहुधा बंदच असते. जिन्यातील दिवा, पंप आणि टाकी यांचा खर्च या सर्वांनी कसा वाटून घ्यावा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि त्यातूनच शेजाऱ्यांचे संबंध तुटतात व प्रसंगी दुर्बळाचे पाणी तोडले जाते. प्रस्तुत लेखात या विभागणीची तत्त्वे व तिचा कायदेशीर आधार स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

खर्चाचे स्वरूप :
सर्व खर्चाला एकच भाजक लावणे, हे अनेक तंट्यांचे मूळ होय. वस्तुतः खर्च तीन प्रकारचा असतो. पहिला मोजता येणारा, उदा. सदनिकेतील वीज. दुसरा वापराशी निगडित, परंतु मीटरअभावी मोजता न येणारा, उदा. टाकीतील पाणी. तिसरा वापर असो वा नसो, होणारच असा, उदा. जिन्यातील दिवे, टाकीची सफाई, रखवालदाराचा पगार. पहिल्याची विभागणी मीटरने, दुसऱ्याची सर्वमान्य अनुमानाने आणि तिसऱ्याची ठरावीक हिश्श्याने करणे युक्त ठरते.

कायद्यातील तरतुदी :
महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदणी झालेल्या गृहनिर्माण संस्थांसाठीचे आदर्श उपविधी हाच भेद मानतात. पाणीपट्टी सदनिकेतील नळांची संख्या व आकार यांवर आकारली जाते, तर सेवाशुल्क सर्व सदनिकांवर समान असते. उद्वाहनाचा खर्च त्या इमारतीतील सर्व सभासदांनी, तळमजल्यावरील सभासदासह, सारखाच सोसावयाचा असतो. याउलट महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली असलेल्या इमारतीत सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात विभागला जातो. म्हणजे मोठ्या सदनिकेवर अधिक भार पडतो. बोलीभाषेत दोहोंनाही ‘सोसायटी’ म्हटले जात असल्याने घोटाळा होतो. म्हणून वादापूर्वी आपल्या इमारतीची नोंदणी कोणत्या अधिनियमाखाली आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

बंद सदनिकेचा प्रश्न :
‘आम्ही वर्षातून पंधरा दिवस येतो, मग पाण्याचे पैसे पूर्ण का द्यावेत?’ हा प्रश्न गैर नाही. परंतु टाकी व नळजोडणी त्या पंधरा दिवसांसाठीही वर्षभर सज्ज ठेवावी लागते. जर्मनीत १९८१ च्या नियमाने सामायिक तापनव्यवस्थेचा ५० ते ७० टक्के खर्च प्रत्यक्ष वापरानुसार व उर्वरित प्रामुख्याने क्षेत्रफळानुसार वाटला जातो. आपल्याकडेही स्थिर व वापराधारित असे दोन भाग करण्याचा विचार सर्वसाधारण सभेत उपविधींच्या चौकटीत राहून करता येईल.

भाडेकरूंचा प्रश्न :
महावितरणच्या घरगुती वीजदरात १०० युनिटपर्यंतचा टप्पा स्वस्त व पुढील टप्पे महाग आहेत. समजा, तीन भाडेकरू दरमहा प्रत्येकी ८० युनिट वापरतात. स्वतंत्र मीटर असता सर्वांचा वापर पहिल्याच टप्प्यात राहील. एकाच मीटरवर मात्र वापर २४० युनिट होऊन १४० युनिट दुसऱ्या टप्प्यात जातील. स्थिर आकार एकदाच लागतो हे खरे. तरीही हा वाढीव भार कुणाच्याही उधळपट्टीचा नसून जोडणीच्या रचनेचा आहे. म्हणून शक्य तेथे स्वतंत्र मीटर घ्यावा. अन्यथा मूळ देयक सर्वांना दाखवून उपमीटरच्या नोंदीप्रमाणे तेवढीच रक्कम वाटावी. मालकाने मनाने प्रतियुनिट दर ठरवणे न्याय्य नव्हे.

महापुराचा धडा :
२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या महापुराने महाड शहर पाण्याखाली गेले. तळमजल्यावर मीटर व पंप असलेल्या इमारतींना असा धोका कायम आहे. ही साधने उंचावर हलविण्याचा खर्च केवळ तळमजल्यावरील रहिवाशांचा नाही, कारण त्यांवर वरचे मजलेही अवलंबून असतात. हा खर्च मासिक देयकात न मिसळता दुरुस्ती निधीतून व्हावा. उपविधींनुसार या निधीची वर्गणी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के असते.

निष्कर्ष :
२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला. त्या लढ्याची तुलना इमारतीतील तंट्याशी होऊ शकत नाही. परंतु पाणी हे दुसऱ्याला नमविण्याचे साधन होऊ नये, ही जाण या गावाला तरी नव्याने सांगावी लागू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम २९ देखील भाडेकरूचा आवश्यक पुरवठा पुरेशा कारणाविना तोडण्यास मनाई करते. सारांश, खर्चाचा प्रकार ओळखावा, त्यानुसार भाजक निवडावा, मूळ देयक सर्वांसमोर ठेवावे आणि हिशेबाचा वाद मिटेपर्यंत नळ चालू ठेवावा.