भरतीनंतर सुटलेलं रनिंग नोकरी सांभाळून पुन्हा कसं टिकवायचं?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावोगावच्या रस्त्यावर पहाटे पोरं-पोरी पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही २० गुण. भरती होते, कुणी लागतं, कुणी राहतं. राहिलेल्यांतलं कुणी एमआयडीसीत जातं, कुणी पतसंस्थेत, कुणी झेडपीच्या शाळेवर, आणि पळणं तिथंच थांबतं. चार-पाच वर्षांत पोट सुटतं, जिना चढताना दम लागतो. मग एक दिवस जुना ग्राउंडवरचा मित्र सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं मेडल गळ्यात घालून स्टेटसला फोटो टाकतो आणि माळ्यावरचे बूट खाली उतरतात.

पहिला आठवडा जोरात जातो. दुसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते. तिसऱ्या आठवड्यात अलार्म बंद करून माणूस कुशीवर वळतो. घरचे म्हणतात, 'नाद होता, गेला.' आणि ज्याचं सुटलं त्यालाही वाटतं की आपल्यात जिद्दच नाही.

जिद्द असते. चूक वेगात असते.

भरतीचं १६०० मीटर म्हणजे पाच-सहा मिनिटांचा खेळ. तिथं छाती फुटेस्तोवर पळावं लागतं आणि तीच सवय अंगात बसलेली असते. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर. त्याला लागणारा दम हळू पळूनच तयार होतो. हळू म्हणजे किती? शेजारी पळणाऱ्याशी नीट बोलता आलं पाहिजे, वाक्य मध्येच तोडावं लागता कामा नये. अशा वेगात स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. रोज जोर लावून पळणाऱ्याला त्यासाठी पुरेसे किलोमीटर होतच नाहीत, त्याआधी तो थकतो. वर आठ तासांची ड्युटी असतेच. थकलेल्या माणसाला पहाटे उठावंसं वाटत नाही, यात नवल काही नाही.

या विषयावर बोलणं निघालं की बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांचं नाव येतंच. शेतकऱ्याचा मुलगा सैन्यात गेला, सियाचीनला ड्युटी केली, आणि पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलपर्यंत पोहोचला. अभिमान वाटावा असंच आहे. पण आज पळणं हेच त्यांचं मुख्य काम आहे. सेकंड शिफ्ट करून घरी येणाऱ्याने त्यांचं टाइमटेबल उचललं तर महिनाभरात तो आजारी पडेल.

नोकरदाराच्या उपयोगाचं उदाहरण जपानमध्ये आहे. युकी कावाउची हे सैतामा प्रांतातले सरकारी कर्मचारी. बरीच वर्षं ते शाळेच्या कार्यालयात काम करत होते. दुपारी ड्युटीवर जायचं, रात्री सुटायचं. जपानमधल्या मोठ्या कंपन्या धावपटू पदरी ठेवतात, त्यांना कोच, डॉक्टर, दिवसातून दोनदा सराव असं सगळं मिळतं. कावाउची यांना यातलं काही नव्हतं. ते दिवसातून एकदाच, सकाळी पळायचे. आठवड्यात साधारण दोनच दिवस कस लागेल असं पळणं, एक मधल्या वारी वेगाचं आणि एक सुट्टीच्या दिवशी लांबचं. बाकीचे दिवस आरामात. सोबत सराव करायला टीम नव्हती म्हणून शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत उतरायचं आणि तीच प्रॅक्टिस समजायची.

एप्रिल २०१८ मध्ये ते बोस्टन मॅरेथॉनला उभे राहिले. कडाक्याची थंडी, धो धो पाऊस, समोरून वारा. आदल्या वर्षीचा विजेता केनियाचा जेफ्री किरुई पुढे होता. शेवटच्या टप्प्यात कावाउची यांनी त्याला मागं टाकलं आणि २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत शर्यत जिंकली. तेव्हा ते नोकरीतच होते. पूर्णवेळ धावपटू झाले ते पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये.

बोस्टन जिंकणं सगळ्यांना जमणार नाही, पण त्यांचा आठवडा उचलता येतो. पहाटेच पळलं पाहिजे असा काही नियम नाही. ज्याला पहाटे धार काढून डेअरीला दूध घालायचं आहे त्याने पहाटेचा हट्ट धरला तर पळणं आणि दूध दोन्ही बोंबलतं. अशाने संध्याकाळी शाळेच्या ग्राउंडवर पळावं. एमआयडीसीत शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे 'रोज पाच वाजता' हे गणितच चुकीचं. तिथं 'आठवड्यात चार वेळा' एवढंच ठरवावं आणि शिफ्टचा तक्ता लागला की त्याच दिवशी चार वार पक्के करावेत. नाइट शिफ्टवरून आल्यावर आधी झोप. झोप कापून केलेलं रनिंग अंगी लागत नाही.

ज्या दिवशी अजिबात मन नसेल त्या दिवसासाठी एक ठरलेला आकडा असावा, दहा मिनिटं. बूट घालून बाहेर पडायचं, दहा मिनिटांनी परत फिरायची मुभा. बहुतेक वेळा माणूस पुढे जातोच. नाही गेला तरी दिवस मोकळा गेला नाही.

पेरणी, सुगी, निवडणुकीची ड्युटी, घरातलं लग्न. गॅप पडणारच. इथंच सगळ्यात जास्त लोक सुटतात, कारण आठ दिवस गेले की 'आता पहिल्यापासून सुरुवात' असं वाटतं. तसं नसतं. आठ-दहा दिवसांत कमावलेला दम फारसा उतरत नाही. तीन-चार आठवडे गेले तर मात्र जाणवतो. परत आल्यावर पहिले दोन-तीन दिवस कमी पळावं आणि बुडालेले किलोमीटर भरून काढायच्या नादाला लागू नये. दुखापती त्यातूनच होतात.

बायकांची अडचण वेगळी. गावात मुलगी भरतीसाठी पळाली तर आता कुणी काही म्हणत नाही, पण लग्न झालेली नर्स किंवा शिक्षिका ट्रॅक पँट घालून निघाली की पारावर चर्चा होते. दोघी-तिघींनी मिळून निघालं की बोलणारे लवकर थकतात, आणि कुणीतरी दारात वाट बघतंय म्हटल्यावर उठणंही होतं. पुरुषांनाही हेच लागू. मोबाइलमधल्या अॅपपेक्षा कोपऱ्यावर उभा असलेला जोडीदार जास्त कामाचा. अॅपवर दुसऱ्याचा वेग बघून स्वतःचा वाढवणारे तर हटकून दुखणं घेऊन बसतात.

पस्तिशी ओलांडलेल्यांनी, बीपी-शुगर असणाऱ्यांनी सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्यावं. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबावं आणि दवाखाना गाठावा. एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत परत यावं. हायवेच्या कडेने पळायचं तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने, उजळ रंगाचा शर्ट घालून आणि कानात हेडफोन न लावता. आणि ज्या भागात उसात बिबट्याचा वावर आहे तिथं उजाडल्याशिवाय एकट्याने शिवाररस्त्याला जाऊ नये. त्या दिवशी शाळेच्या ग्राउंडला चकरा मारल्या तरी किलोमीटर तेवढेच होतात.