गावाला गेलेल्यांचा हिशेब

गिरणी संप मिटला असे कोणी कधी जाहीर केलेच नाही. 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईतल्या साठेक गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, ही तारीख सगळ्यांना पाठ आहे. आत परतण्याची तारीख मात्र नाही. काही जण वर्ष-दीड वर्षाने मान खाली घालून गेटवर उभे राहिले, काहींना आत घेतलेच नाही, आणि हजारो माणसे त्याआधीच एस.टी.त बसून निघून गेली होती. लालबाग-परळच्या चाळीत एखाद्याची चौकशी केली, तर दारातूनच उत्तर मिळे, ‘ते गावाला गेलेत.’

गिरणगावात हे वाक्य नवे नव्हते. लग्नाला, शिमग्याला, पेरणीला, आजारपणाला माणूस गावाला जायचाच आणि परत यायचा. या वेळी तो परत आला नाही. मुंबईने त्याला गेला असे धरले. त्याने स्वतः मात्र तसे कधीच धरले नव्हते. पुढच्या चाळीस-बेचाळीस वर्षांतले बरेच काही या फरकातून घडले आहे.

गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हापासून मालकांनी कामगाराला मजुरी दिली, राहायची सोय बहुतांशी त्याची त्यालाच करू दिली. दहा बाय सोळाच्या खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस बाप्ये राहायचे. पहिल्या पाळीचे उठून गेले की रातपाळीचे त्याच वळकटीवर आडवे व्हायचे. जेवण खानावळवालीकडे. बायको, पोरे, म्हातारे आईबाप सगळे मागे, रत्नागिरीत नाहीतर साताऱ्यात, आणि महिन्याची मनीऑर्डर हाच काय तो संसार. 1921 च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. कामगाराचे बाळंतपण, दुखणे, म्हातारपण यांचा खर्च कोण करत होते, हे त्या एका आकड्यात दिसते. तो खर्च गाव करत होते. म्हणूनच मुंबईत मजुरी आणि खोली दोन्ही तोकडी असून चालत होते.

शहरावर संकट आले की याची प्रचिती यायची. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. कामगार थांबावेत म्हणून गिरण्यांनी रोजचा पगार रोज हातावर ठेवायला सुरुवात केली. 1891 साली सव्वाआठ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या 1901 साली पावणेआठ लाखांवर आली होती. सरकारने 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. गलिच्छ वस्त्या हटवणे हे त्याचे काम. त्याने रस्ते रुंद केले, पण पहिल्या वीस वर्षांत बांधल्या त्यापेक्षा जास्त खोल्या पाडल्या. मग 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) आले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे 207 चाळी उभ्या केल्या. खोली 160 चौरस फुटांची. सुरुवातीला त्यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्याच पडून होत्या, कारण भाडे परवडत नव्हते. शहरात खोल्यांची टंचाई आणि सरकारी चाळींना टाळे, हा प्रकार मुंबईने तेव्हाच पाहून ठेवला आहे.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. त्याने चाळकऱ्याला छप्पर दिले आणि नव्या चाळी बांधण्यातला नफा संपवला. पुढच्या पिढीसाठी भाड्याची खोली मिळेनाशी झाली. जुनी मिळायची ती पागडीवर. म्हणजे 1982 साली कामगाराच्या नावावर जी खोली होती तिचे भाडे महिन्याला काही रुपये, आणि ती सोडायची किंमत मात्र हजारांत. संपात माणसे भाडे थकले म्हणून गावाला गेली नाहीत. भाडे कसेही भागले असते. भागत नव्हते ते वाण्याचे बिल आणि खानावळीची उधारी. (खानावळवाल्यांचे काय झाले, हा वेगळाच विषय. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये ज्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, त्या बायकांची गिऱ्हाइके एका हंगामात नाहीशी झाली आणि वह्यांतली उधारी तशीच राहिली. त्यांच्यापैकी कितीतरी जणींना तर जायला गावही उरलेले नव्हते.)

संप इतका लांबला, त्याचे श्रेय सामंतांच्या करारी स्वभावाला दिले जाते. माझ्या मते त्यातला मोठा वाटा गावाकडच्या तांदळाचा आणि ज्वारीचा आहे. जून 1982 मध्ये पाऊस सुरू झाला आणि माणसे लावणीला गेली. त्यांच्या मनात तेव्हा स्थलांतर वगैरे काही नव्हते. चार महिने शेतात हात लावू, तोवर तडजोड होईल, दिवाळीनंतर गिरणीत, असा साधा हिशेब होता. ऑक्टोबर 1983 मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार हाती घेतला, त्या वेळी हा हिशेब चुकल्याचे बहुतेकांना कळून चुकले होते.

गावात त्यांची वाट पाहत रिकामे घर उभे होते, असा आपला समज असतो. कोकणात तरी तसे नव्हते. घर असते, पण ते आजोबांच्या नावावर आणि त्यात पाच चुलत्यांचे वाटे. सात-बाऱ्यावर दोन-अडीच डझन नावे. मुंबईवाल्याचा वाटा गृहीत धरलेला, कारण तो गणपतीत पाच-सात दिवस यायचा आणि माजघरात झोपायचा. आता तो बायको, शाळकरी पोरे आणि पत्र्याची ट्रंक घेऊन आला आणि राहिला. मग पडवीला झापांचा आडोसा लागला, वेगळी चूल मांडली गेली, विहिरीवरच्या पाळ्यांवरून बोलाचाली सुरू झाली. मनीऑर्डर पाठवणारा दीर आणि पडवीत राहणारा दीर यांत घरच्यांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो. मुंबईत जन्मलेल्या पोरांना गावच्या शाळेत ‘मुंबयकार’ म्हणून चिडवले जाई, तर त्यांच्या आया पुन्हा सासूच्या हाताखाली आल्या. घाटावर, पारनेर-जुन्नरपासून पाटण-शिराळ्यापर्यंत, तपशील वेगळे, अडचण तीच. वाटणीला आलेल्या एकर-दीड एकर कोरडवाहूत एक कुटुंब जेमतेम तगायचे, तिथे दोन आली.

अशा वेळी कामी आली ती रोजगार हमी योजना. देशात इतरत्र नसलेला कामाच्या हक्काचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्ये केला होता. काल-परवापर्यंत लूम चालवणारा विणकर पाझर तलावाच्या कामावर मातीची पाटी उचलू लागला. 1990 पासून त्याच योजनेत फळबागा आल्या, सरकारी खर्चाने कलमे लावता येऊ लागली, आणि कोकणातल्या वरकस जमिनीवर, जिथे पूर्वी गवत आणि नाचणीशिवाय काही येत नसे, तिथे आंबा-काजू उभा राहिला. ज्यांची जमीन वाटण्या होऊन नावावर झाली होती ते सावरले. ज्यांचे सामायिक होते, त्यांना सह्यांसाठी सगळे भाऊबंद गोळा करता करता नाकी नऊ आले. गावाला गेलेला गिरणी कामगार तिथे कसा जगला, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. सात-बारा कोणाच्या नावावर होता, यावर पुष्कळसे ठरले.

तसेच दुसरे ठरले मुंबईच्या खोलीवर. जाताना कोणी ती धाकट्या भावाला, भाच्याला राहायला दिली. कोणी कुलूप लावले. कोणी मात्र घरमालकाचा हिस्सा देऊन पागडीवर विकली, कर्ज फेडले, उरलेल्यात बैलजोडी घेतली. त्या वेळी हा शहाणपणाचा निर्णय होता. नोकरी नाही, गिरणी उघडायची चिन्हे नाहीत, मग रिकाम्या खोलीचे करायचे काय? तीस वर्षांनी त्या खोलीवर काय उभे राहणार आहे, हे कोणत्या जॉबरला ठाऊक होते?

1991 मध्ये विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांची जमीन विकायला मुभा दिली. विकताना तिचे तीन भाग करायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. गिरणगावाची सुमारे सहाशे एकर जमीन पाहता यातून कामगारांसाठी मोठी वसाहत सहज उभी राहिली असती. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने 1996 मध्ये त्याचा आराखडाही मांडला. 2001 मध्ये नियमात बदल झाला आणि तीन भाग फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे ठरले, ज्या जमिनीवर शेड उभी आहे ती यातून सुटली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा अर्थ नाकारला, पण सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो उचलून धरला. दरम्यान 2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या गिरण्यांचे लिलाव केले. त्यात लोअर परळची मुंबई टेक्सटाइल मिल 702 कोटींना गेली. बैलजोडी घेणाऱ्याने हा आकडा गावात बसून वाचला असेल.

म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर कामगारांना घरे मिळणार म्हटल्यावर दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. अट अशी की 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर कामगार हजेरीपटावर असला पाहिजे. तोवर कितीजण वारले होते, म्हणून वारसांचे अर्ज. हजेरीकार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, ईएसआयचे कार्ड असे कागद लागत होते, आणि गावाकडच्या ट्रंकेत चाळीस पावसाळे काढलेला कागद म्हणजे वाळवीचे खाद्य. जून 2012 मध्ये पहिली सोडत निघाली, 6,925 घरांची, प्रत्येकी 225 चौरस फूट, साडेसात लाखांना. मार्च 2020 मध्ये 3,894 घरांची सोडत झाली. अर्जदारांच्या संख्येपुढे ही घरे फारच थोडी होती.

आता 2011 च्या जनगणनेकडे पाहू. त्याआधीच्या दशकात महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली होती: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. माणसे जिथून आली आणि जिथे आली, ती दोन्ही टोके एकदमच ओसरली. ठाणे जिल्हा त्याच दहा वर्षांत छत्तीस टक्क्यांनी वाढून एक कोटी दहा लाखांवर गेला होता. पडवीत वाढलेली पोरे दहावी-बारावी होऊन कामाला पुन्हा मुंबईकडेच निघाली होती. पण बापाची खोली राहिली नव्हती आणि लालबागला नवी घेणे कल्पनेपलीकडचे. म्हणून ती नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूर इथे स्थिरावली आणि पहाटेची लोकल पकडू लागली. 1998 मध्ये कोकण रेल्वे सुरू झाल्यावर गाव आणि नोकरी एका रात्रीच्या अंतरावर आले. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे मिळालेल्या बापांनी गावाला चिऱ्याचे घर बांधले. त्यात वर्षातले दहा-अकरा महिने दोन म्हातारी माणसे राहतात.

2020 च्या उन्हाळ्यात पुन्हा सगळे गावाला निघाले, या वेळी करोनामुळे. पण या वेळी गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले, चौदा दिवस शाळेत काढा म्हणून सांगितले. गणपतीला जायचे तर ई-पास. ज्या गावाने प्लेगमध्ये, संपात माणसे पोटात घेतली, त्याने हे करावे याचा अनेक चाकरमान्यांना राग आला. मला गावकऱ्यांचे फारसे चुकले असे वाटत नाही. ज्या तालुक्यात व्हेंटिलेटर नाही, तिथल्या लोकांनी एवढा भार मुकाट्याने उचलावा, ही अपेक्षाच मुळात शहराच्या जुन्या सवयीची होती.

तीच सवय आता सरकारी कागदावर उतरली आहे. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानुसार कामगारांसाठी शेलू आणि वांगणी इथे 81 हजार घरे बांधायची आहेत, कामगाराला पडणारी किंमत साडेनऊ लाख. वांगणी ठाणे जिल्ह्यात, शेलू कर्जत तालुक्यात, बदलापूरच्या पुढची ही स्टेशने. तिथे घर घेऊन राहणे वाईट आहे असे कोणी म्हणत नाही, कामगारांची कितीतरी मुले आजही स्वतःच्या पैशाने त्याच रेल्वेमार्गावर राहतातच. आक्षेप वेगळा होता. निर्णयातल्या कलम 17 प्रमाणे जो हे घर नाकारेल त्याचा हक्कच संपणार होता. 9 जुलै 2025 रोजी आझाद मैदानात मोर्चा आला, त्यात सत्तरी-पंचाहत्तरीतली माणसे गावाहून आली होती. मागणी होती ती मुंबईतच घर मिळावे अशी, आणि कलम 17 रद्द करावे अशी. कलम काढून टाकण्याचे आश्वासन मिळाले.

पुढच्याच महिन्यात, 14 ऑगस्टला, वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत पहिल्या 556 कुटुंबांना किल्ल्या दिल्या गेल्या. घर 500 चौरस फुटांचे, फुकट. 1982 नंतर ज्यांनी 160 फुटांची खोली धरून ठेवली त्यांना ते मिळाले, आणि त्याचा मला आनंदच आहे. त्याच काळात ज्यांनी तेवढीच खोली सोडून गाव गाठले, त्यांच्या अर्जांची छाननी अजून चालू आहे.