कंबर दुखते? आधी गाडीची सीट तपासा!

गाडीच्या सीटचा आणि आरोग्य सदराचा काय संबंध, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण कंबरदुखीचा रुग्ण समोर बसला की मी त्याला तीन गोष्टी विचारतो. झोपता कशावर, उचलता काय आणि दिवसातले किती तास कशावर बसता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लगेच मिळतात. तिसऱ्याचा विचार मात्र फारसा कुणी केलेला नसतो.

आपल्या भागात अजूनही काही घरांतून जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसिडर जिवापाड जपलेली दिसते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी बंद होऊन आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. अँबेसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मालक इंजिनाचे ऑईल वेळेवर बदलतात, पत्र्याला गंज चढू देत नाहीत, दिवाळीला पॉलिश करतात. सीटकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. वरचे रेक्झिन धड दिसते, म्हणून आतले सगळे ठीक आहे असे आपण धरून चालतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींचे उदाहरण सांगतो. त्यांची पद्मिनी १९८६ ची. पत्नीचे मूत्रपिंड निकामी झालेले, त्यामुळे आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. जाऊन येऊन सत्तर किलोमीटर. एसटीचे धक्के आणि स्टँडवरची गर्दी त्या माउलीला सोसत नाही. गुरुजींची कंबर चार महिन्यांपासून दुखत होती आणि कळ उजव्या कुल्ल्यातून मांडीपर्यंत उतरत होती. “डॉक्टर, कमरेचा पट्टा तरी लिहून द्या, नाहीतर गाडी विकून टाकतो,” असे ते म्हणाले. गाडी विकली तर प्रत्येक फेरीला भाड्याची मोटार करावी लागणार होती, आणि ते पेन्शनीत बसणारे नव्हते.

मी त्यांना नीट तपासले. पायाची ताकद शाबूत होती, बधिरपणा नव्हता, लघवी-शौचाची तक्रार नव्हती. मग त्यांच्याबरोबर बाहेर गाडीपाशी गेलो. चालकाच्या जागेवर मूठ दाबली तर ती थेट खालच्या स्प्रिंगला लागली. उजवी बाजू डावीपेक्षा दोन बोटे खचलेली होती. म्हणजे गुरुजी गाडी चालवत असताना त्यांची कंबर सतत तिरपी राहत होती.

बसल्यावर पाठीत काय होते?

उभे असताना कमरेच्या मणक्यांना आतल्या बाजूला एक नैसर्गिक बाक असतो. बसल्यावर हा बाक कमी होतो. बैठक खोलगट असेल तर कंबर मागे कलते, पाठ धनुष्यासारखी वाकते आणि दोन मणक्यांमधल्या चकतीवर ताण येतो. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाकेमसन या अस्थिशल्यतज्ज्ञांनी चकतीत सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. उभे राहण्यापेक्षा पुढे वाकून बसल्यावर चकतीवरचा दाब बराच वाढतो, हे पुढच्या मोजमापांतही दिसून आले. पाठीला मागे चांगला टेकू मिळाला की तो कमी होतो.

दुसरा भाग हादऱ्यांचा. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या उभ्या हेलकाव्यांना सर्वाधिक साथ देते. खडबडीत रस्त्यावर गाडीचे हेलकावे नेमके याच्या आसपास असतात. चांगला फोम हादऱ्याचा काही भाग स्वतःत जिरवतो. पिचलेला फोम तळाला टेकला की खड्ड्याचा दणका सरळ माकडहाडाला आणि कमरेला बसतो. सोबत बसणारी व्यक्ती अशक्त, कृश किंवा मधुमेही असेल तर एकाच जागी दाब पडून कातडी दुखावण्याचाही धोका असतो.

मग सीट दगडासारखी कडक करावी का? तसेही नाही. २००३ साली स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर गाद्यांचा अभ्यास झाला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. गादी आणि सीट या वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे, पण “जितके कडक तितके पाठीला चांगले” हा समज सोडून द्यायला हरकत नाही.

खर्चाआधी चाचणी

लगेच कुशनवाल्याकडे धावू नका. सीटच्या दोन्ही कडांवर एक सरळ काठी आडवी ठेवा आणि काठीपासून खड्ड्याची खोली पट्टीने मोजा. चालकाच्या व शेजारच्या अशा दोन्ही बाजू मोजा. खोली इंच-दीड इंचाहून जास्त असेल, किंवा मूठ दाबल्यावर स्प्रिंग लागत असेल, तर फोम गेला असे समजा. तोवर खड्ड्यात जाड सतरंजीची घडी घालून बैठक सपाट करा आणि पट्ट्याच्या उंचीवर कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवा. आठवडाभर असे चालवून पाहा. दुखणे थोडे जरी उतरले तरी सीटवर खर्च करण्यात अर्थ आहे.

काम थोडक्यात कसे उरकावे

सीट दुरुस्तीत जास्त पैसे जातात ते नव्या कव्हरात आणि शिलाईत. त्या मानाने फोम स्वस्त पडतो. म्हणून रेक्झिन फाटलेले नसेल तर तेच पुन्हा वापरा. उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवले की ते मऊ होते आणि काढताना तडकत नाही. कव्हर फ्रेमला तारेच्या छोट्या कड्यांनी अडकवलेले असते. कड्या कुठे होत्या याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पक्कडीने एकेक उघडा आणि डब्यात जपून ठेवा.

आतल्या स्प्रिंगा पाहा. तुटलेली बदला, सुटलेली तारेने बांधा, गंज घासून रंगाचा हात द्या. स्प्रिंगेवर गोणपाट किंवा जाड कॅनव्हास ताणून बांधायला विसरू नका. हा थर नसेल तर स्प्रिंगा नव्या फोमला खालून कुरतडतात आणि सगळा खर्च पाण्यात जातो. मूळचा काथ्याचा थर कुजलेला नसेल तर तो राहू द्या. रबर मारलेल्या काथ्याच्या जुन्या गादीतून कापलेला तुकडाही खालच्या थराला चालतो.

फोम घेताना दुकानदार “बत्तीस”, “चाळीस” असे आकडे सांगतात. ही घनता आहे, म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोतले वजन. ते आकडे कडकपणाचे नसतात. घनता जास्त असेल तर फोम सहसा जास्त दिवस आकार धरतो. कडकपणा मात्र बसून आणि दाबूनच ठरवावा लागतो. सीटसाठी निदान चाळीस घनतेचा घ्यावा. तो खरा की नाही हे तराजूवर कळते. ४८ इंच लांब, २० इंच रुंद, ४ इंच जाड तुकडा चाळीसचा असेल तर सुमारे अडीच किलो भरतो, बत्तीसचा असेल तर दोन किलो. काही फोममध्ये भुकटी मिसळून वजन वाढवलेले असते, म्हणून हाताने घट्ट दाबून सोडा. चांगला फोम चटकन उठतो. तुकड्यांचा दाबून बनवलेला जड फोम खाली एक इंचभर घालायला उत्तम, पण सगळी सीट त्याची केली तर ती फळीसारखी लागते. घरच्या जुन्या गादीतला हलका फोम काही महिन्यांत पुन्हा बसतो. पॅकिंगचा पांढरा फोम तर अजिबात वापरू नये.

खाली कडक थर आणि वर इंचभर मऊ थर ही जोडणी बहुतेकांना मानवते. एकूण जाडी मूळच्या इतकीच ठेवा. सीट उंच झाली तर डोके टपाला लागते, मान वाकते आणि पाय पेडलवर नीट पोचत नाहीत. फोम कव्हरापेक्षा अर्धा इंच मोठा कापावा, म्हणजे रेक्झिन ताठ बसते. पातळ पात्याची लांब सुरी किंवा हॅक्सॉ ब्लेड त्याला पुरते. थर चिकटवायला रबराचा डिंक वापरा. दोन्ही बाजूंना लावून किंचित सुकू द्यायचा आणि मग दाबायचा. लाकडाचा पांढरा डिंक वाळल्यावर कडक होतो आणि बसताना टोचतो.

जुन्या पद्मिनीला पुढे सलग बाक असतो. पैसे वाचवायला फक्त चालकाच्या बाजूचा फोम बदलू नका. अर्धा भाग उंच आणि अर्धा खचलेला राहिला तर कंबर पुन्हा तिरपीच बसणार. पाठीचा फोम बहुधा कमी झिजलेला असतो. तो तसाच ठेवून टॉवेलच्या गुंडाळीवर काम भागते.

सांभाळायच्या गोष्टी

जुना फोम हात लावताच पिठासारखा भुगा होऊन उडतो. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे, इतरांनी नाकातोंडावर मास्क बांधावा. सीटमध्ये उंदरांचे बीळ असेल तर लेंड्या कोरड्या झाडू नका. त्यावर ब्लीचिंगचे पातळ पाणी शिंपडा आणि हातमोजे घालून पुसून घ्या. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. डिंकाच्या वाफेने डोके गरगरते आणि ती पेटतेही, म्हणून हे काम उघड्या अंगणात करावे आणि जवळपास विडी-शेगडी नको. काढलेला फोम जाळू नका, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडसारखे विषारी वायू असतात. याच कारणासाठी गाडीत सिगारेट ओढणेही बंद करा.

सीट सुधारली, आता सवयी

गुडघे कमरेच्या पातळीला किंवा किंचित खाली असावेत. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहावा. मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवा, त्याने एक कुल्ला उचलला जातो. निघताना ताठ बसून आरसा लावा. वाटेत मागचा रस्ता कमी दिसू लागला तर समजा, पाठ वाकली. दर तास-दीड तासाने उतरून पाच मिनिटे चाला. लांबच्या प्रवासानंतर लगेच जड सामान उचलू नका.

गुरुजींनी गावातल्या कुशनवाल्याला हाताशी घेऊन एका रविवारी हे काम उरकले. जुने कव्हर, जुन्या कड्या, फोम तेवढा नवा. मी त्यांना रोज अर्धा तास चालण्याचा आणि पाठीच्या तीन सोप्या व्यायामांचा नेम घालून दिला. दीड महिन्यात मांडीतली कळ गेली. कंबर अधूनमधून बोलते, पण पट्टा लागला नाही आणि गाडीही दारात राहिली. हे सगळे एकट्या सीटमुळे झाले असे मी म्हणणार नाही. व्यायामाचा आणि काळाचाही त्यात वाटा आहे. पण खचलेल्या सीटवर बसून आठवड्याला एकशे चाळीस किलोमीटर गाडी हाकत नुसत्या गोळ्या खाल्ल्या असत्या, तर पोट तेवढे बिघडले असते.

एक इशारा

प्रत्येक कंबरदुखी सीटने बरी होत नाही. पायातली शक्ती कमी होणे, पाऊल लुळे पडणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. त्यात एक रात्रही घालवू नये. दुखण्यासोबत ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारी वेदना, पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल तर तपासणी टाळू नका. तसे काही नसेल, तर महागड्या तपासण्यांचा आग्रह धरण्याआधी एकदा अंगणात जाऊन स्वतःच्या गाडीच्या सीटवर मूठ दाबून पाहा.