खतांतील जुने शब्द : गहाण व मुदतखरेदी

जमिनीचें खत करतांना आपण रक्कम व चतुःसीमा बारकाईनें पाहतों. परंतु ज्या शब्दावर सारा व्यवहार उभा असतो, तो मात्र ओझरता वाचतों. असे कांहीं शब्द येथें उलगडून पाहूं.

‘दस्तऐवज’ हा शब्द फारशी आहे. ‘दस्त’ म्हणजे हात; हातीं धरावयाचा आधार तो दस्तऐवज. आधार ज्याच्या हातीं, बळ त्याचें, हें दख्खनचा कुणबी पुरतें ओळखून होता. म्हणूनच १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत दंगे झाले, तेव्हां सावकारांपाशीं असलेलीं खतें हस्तगत करून जाळण्यावरच लोकांचा मुख्य रोख होता.

‘गहाण’ हा शब्द संस्कृत ‘ग्रहण’ यावरून आलेला आहे. जमीन मालकाच्याच वहिवाटीस राहिली तर तें नजरगहाण. सावकाराच्या ताब्यांत जाऊन तो उत्पन्न घेऊं लागला तर तें ताबेगहाण. दोहोंतही मालकी ऋणकोचीच राहते व कर्ज फिटलें कीं जमीन सुटते.

‘मुदतखरेदी’ हा शब्द मात्र फसवा आहे. इस्लामी धर्मशास्त्रांत व्याज निषिद्ध असल्यामुळें ‘बय-बिल-वफा’ नांवाची रीत निघाली. ‘बय’ म्हणजे विक्री व ‘वफा’ म्हणजे वचन पाळणें : रक्कम परत मिळतांच जमीन परत द्यावयाची, या बोलीवर केलेली विक्री. आपल्याकडील मुदतखरेदी ही त्याच जातीची. १८८२ च्या मिळकत-हस्तांतर कायद्यानें अशा व्यवहारास गहाणाचा एक प्रकार मानिलें. परंतु १९२९ च्या दुरुस्तीनें असें ठरविलें कीं, परतीची अट विक्रीच्या त्याच खतांत नसेल, तर तो व्यवहार गहाण मानूं नये.

सारें मर्म येथेंच आहे. सावकार गोड बोलून परतीचा करार निराळ्या कागदावर लिहून देतो. मग तें खत गहाण न राहतां विक्री ठरतें. मुदतींत रक्कम न भरली तर जमीन कायमची जाते. उलट तेंच गहाण ठरल्यास, १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें, सोडवणुकीचा हक्क प्राप्त झाल्यापासून ३० वर्षेंपर्यंत दावा करतां येतो. अट त्याच खतांत असली म्हणजे गहाण ठरतेंच, असेंही नाहीं. न्यायालय उभयतांचा हेतु पाहतें.

यास्तव व्यवहार कर्जाचा असेल, तर खतांत स्पष्ट ‘गहाण’ हाच शब्द लिहवावा, आणि तोंडच्या वचनावर विसंबून कोणत्याही खरेदीखतावर सही करूं नये.