विश्लेषण : चाळीतला कांदा का सडतो? साठवणुकीचे गणित नेमके कुठे चुकते?

उन्हाळी कांदा काढून झाला, की अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न असतो : मिळेल त्या भावात विकायचा, की चाळीत भरायचा? घोडेगाव, नेप्ती, पारनेर, राहुरी, संगमनेरच्या बाजारात एप्रिल-मेमध्ये आवक वाढते आणि भाव दबतात. दिवाळीच्या आसपास भाव वाढण्याची आशा असते. पण तोवर चाळीतल्या १०० क्विंटलपैकी विकण्याजोगा माल किती उरेल, हे चाळीची बांधणी आणि निगा यावर ठरते. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्के घट होणे ही नेहमीची बाब आहे. ती का होते आणि कमी कशी करता येते?

साठवलेल्या कांद्यात नेमके काय घडते?

काढणीनंतरही कांदा जिवंत असतो. तो श्वसन करतो, त्यातून उष्णता निर्माण होते आणि पाणी बाहेर पडते. त्यामुळे नुकसान तीन वाटांनी होते. पहिली, वजनातील घट. दुसरी, सड आणि काजळी, म्हणजे बुरशी व जिवाणूंचा प्रादुर्भाव. तिसरी, कोंब फुटणे. तिन्हींची कारणे वेगळी असल्याने एकाच उपायाने तिन्ही थांबत नाहीत.

हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांच्या बरीच वर गेली, की सड, काजळी आणि मुळे फुटण्याचे प्रमाण वाढते. ती फार खाली गेली, की कांदा सुकतो आणि वजन घटते. म्हणूनच साध्या चाळीसाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. मे महिन्यात जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या आसपास असतो, तर जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते. म्हणजे एकाच हंगामात चाळीला दोन उलट परिस्थितींना तोंड द्यावे लागते.

मग थंड तळघर किंवा कोल्ड स्टोरेज का नको?

‘थंड जागेत माल टिकतो’ हा समज कांद्याच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. नाशिकच्या वायनरीत किंवा युरोपातील तळघरांत वाईन साधारण १२ ते १५ अंशांवर, अंधारात, स्थिर तापमानात ठेवतात. तिथे बाहेरची हवा जितकी कमी आत येईल तितके चांगले. कांद्याला मात्र नेमके हेच तापमान घातक ठरते. १० ते २० अंशांच्या पट्ट्यात त्याची सुप्तावस्था लवकर मोडते आणि कोंब सर्वाधिक फुटतात. कोंब रोखायचे तर तापमान थेट शून्य ते दोन अंशांवर न्यावे लागते, किंवा २५ ते ३० अंशांवर ठेवावे लागते.

शून्य अंशाचा पर्याय शीतगृहात शक्य आहे. पण विजेचा खर्च मोठा असतो आणि बाहेर काढल्यावर थंड कांद्यावर दव धरते. तो लगेच विकला नाही तर कोंब आणि सड दोन्ही वेगाने सुरू होतात. त्यामुळे बहुतांश शेतकऱ्यांसाठी वीज न लागणारी, वाऱ्यावर चालणारी चाळच परवडते. वाईनच्या तळघराचे काम हवा अडवण्याचे, तर कांदा चाळीचे काम हवा खेळवण्याचे.

किती हवा खेळायला हवी?

एक साधा हिशेब पाहू. २५ टन कांदा चाळीत भरला आणि पाच महिन्यांत केवळ वजनात २० टक्के घट झाली, तर पाच टन वजन कमी झाले. त्यातील बहुतांश भाग पाणीच असते. म्हणजे १५० दिवस रोज सरासरी ३० लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन ढिगातून बाहेर पडते. ही वाफ निघून गेली नाही, तर ती ढिगाच्या मध्यभागी साचते. कडेचा कांदा चकचकीत दिसतो आणि चाळ फोडल्यावर मधला काळा निघतो, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असते.

चाळ कशी बांधायची?

कृषी विभाग आणि राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालय यांच्या शिफारशींमधील प्रमुख मुद्दे असे :

• जागा : उंचवट्यावरची, पाणी न साचणारी आणि झाडांनी किंवा इमारतींनी वारा न अडलेली असावी.

• दिशा : एकपाखी चाळ दक्षिणोत्तर, तर दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम. एकपाखी चाळीची लांब बाजू त्यामुळे पश्चिमेच्या वाऱ्याला सामोरी जाते. दुपाखी चाळीत वारा दोन कप्प्यांमधल्या बोळातून वाहतो आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंवर कमी पडते.

• तळ : कांदा थेट जमिनीवर नको. जमिनीपासून दीड ते दोन फूट उंचीवर बांबू किंवा लाकडी पट्ट्यांचा फटी असलेला तळ हवा. गरम हवा वर जाते, तेव्हा तिची जागा घ्यायला खालून हवा आली पाहिजे.

• कप्पा : रुंदी चार फूट, कांद्याच्या थराची उंची पाच फुटांपर्यंत. रुंदी वाढवली की मध्यभागी हवा पोहोचत नाही, उंची वाढवली की खालचा कांदा दाबला जातो.

• छप्पर : पत्रा उन्हात तापतो आणि वरच्या थराला उष्णतेचा मारा बसतो. कौले किंवा सिमेंटचे पत्रे त्यापेक्षा बरे. छप्पर भिंतींच्या पुढे पुरेसे काढलेले असावे, म्हणजे पावसाचे शिंतोडे आत येत नाहीत.

२५ टनांच्या दुपाखी चाळीची लांबी ४० फूट असते. ४० फूट लांब, चार फूट रुंद आणि पाच फूट उंच असे दोन कप्पे म्हणजे १,६०० घनफूट जागा. एका घनफुटात साधारण १६ किलो कांदा धरला, तर ही क्षमता २५ टनांच्या आसपास येते. एवढ्याच चाळीत ३० टन बसवायचे तर थर सहा फुटांवर जातो. जास्तीच्या पाच टनांसाठी मग खालचा सगळा थर धोक्यात येतो.

जिल्ह्यात सगळीकडे एकच रचना चालेल का?

नाही. सुप्याजवळच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या तिथल्या वाऱ्यामुळे. पारनेर तालुक्यातील अशा भागात हवा खेळणे ही अडचण नसते. उलट उन्हाळ्यातील कोरड्या वाऱ्याने वजन जास्त घटू नये, म्हणून दुपारी बाजूंना बारदान किंवा शेडनेट सोडणे उपयोगी ठरते. अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला, पावसाळा जोरदार असतो. तिथे पावसाची झड आणि दमट हवा हा मुख्य धोका. छपराचा पुढावा जास्त हवा आणि पावसात बाजू झाकण्याची सोय हवी. मात्र प्लास्टिक कायमचे बांधून ठेवले तर वाफ आतच अडकते. उघडीप मिळताच ते वर करावे लागते.

चाळ चांगली, तरी कांदा का सडतो?

कारण साठवणुकीचा निम्मा निकाल शेतातच लागलेला असतो. खरिपाचा लाल आणि रांगडा कांदा फार काळ टिकत नाही. चाळीत भरायचा तो रब्बीचा, म्हणजे उन्हाळी किंवा गावरान कांदा. एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती या रब्बी जाती टिकाऊपणासाठी ओळखल्या जातात. नत्र खताचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर ६० दिवसांच्या आत द्यावा. उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड राहते आणि त्या मानेतूनच सड आत शिरते. काढणीपूर्वी दोन ते तीन आठवडे पाणी तोडावे आणि निम्म्या माना पडल्या की काढणी करावी.

काढलेला कांदा तीन ते पाच दिवस शेतात पातीसह सुकवावा. एका ओळीतील कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीखाली झाकले जातील, अशी मांडणी असावी. नंतर दोन ते अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि १० ते १२ दिवस सावलीत पातळ थरात ठेवावा. या काळात मान मिटते आणि वरची साल घट्ट होते. पावसाच्या भीतीने किंवा मजूर मिळतात तेव्हाच उरकायचे म्हणून ही पायरी गाळली, तर उत्तम चाळही तो कांदा वाचवू शकत नाही. जोड कांदा, डेंगळे, चिंगळी आणि कापलेला, मार लागलेला माल चाळीत न भरता आधीच विकावा.

भरल्यानंतर काय निगा ठेवायची?

भरण्यापूर्वी चाळ रिकामी करून झाडून घ्यावी. मागच्या वर्षीची साल आणि सडका कचरा चाळीखालीच राहिला, तर बुरशी तिथूनच सुरू होते. बांबू, तळ आणि खालच्या जमिनीवर कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने बुरशीनाशक फवारावे. कांदा ओतताना उंचावरून टाकू नये.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी चाळीखाली वाकून पाहावे. खाली पाणी गळणे, वास येणे आणि माशा जमणे ही आतल्या सडीची पहिली लक्षणे आहेत. मात्र दर थोड्या दिवसांनी सगळा ढीग हलवणे टाळावे, कारण प्रत्येक हाताळणीत साल निघते. सडीची जागा सापडली, तर तेवढा कप्पा फोडून निवड करावी. काही शेतकरी ढिगात छिद्रे पाडलेले पाइप ठेवून पंख्याने हवा सोडतात. दमट हवेत पंखा सुरू ठेवला तर ओलावाच आत ढकलला जातो, त्यामुळे तो कोरड्या हवेतच चालवावा.

विकिरणाने प्रश्न सुटेल का?

अंशतः. लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला ‘कृषक’ प्रकल्प २००२ पासून आहे. गॅमा किरणांच्या ६० ते ९० ग्रे इतक्या अल्प मात्रेने कोंब फुटणे थांबते. पण सड आणि वजनातील घट त्याने थांबत नाही. काढणीनंतर लवकर, सुप्तावस्थेतच विकिरण करावे लागते आणि त्यानंतरही योग्य साठवणूक लागतेच.

साठवावा की विकावा?

समजा, आज भाव क्विंटलला १,२०० रुपये आहे. २० टक्के घट झाली, तर पुढे किमान १,५०० रुपये मिळाले तरच आजच्याइतके पैसे हाती येतात. घट ३० टक्के झाली तर १,७१५ आणि ४० टक्के झाली तर २,००० रुपये भाव लागतो. निवड, मजुरी आणि बारदानाचा खर्च यात धरलेला नाही. म्हणजे घट ४० वरून २० टक्क्यांवर आणणे हे क्विंटलमागे ५०० रुपये भाववाढीइतके मोलाचे आहे. फरक एवढाच, की भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. निर्यात शुल्क पूर्णपणे हटायला एप्रिल २०२५ उजाडले. चाळीत माल असताना असा निर्णय आला, की सगळे गणित बदलते. म्हणून सगळा कांदा एकाच तारखेच्या भरवशावर न ठेवता टप्प्याटप्प्याने विकणे सुरक्षित.

अनुदान मिळते का?

वैयक्तिक शेतकऱ्याला ५ ते २५ टनांच्या चाळीसाठी अनुदान मिळते. अनेक वर्षे ते टनामागे ३,५०० रुपये, म्हणजे २५ टनांना कमाल ८७,५०० रुपये होते. नंतर दरनिकष बदलल्याने अर्ज करताना चालू दर तालुका कृषी कार्यालयात तपासावा. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. सातबाऱ्यावर कांदा पिकाची नोंद हवी. पूर्वसंमती मिळण्याआधी बांधकाम सुरू करू नये आणि चाळ मंजूर आराखड्याप्रमाणेच बांधावी. चार फुटांऐवजी सहा फुटांचा कप्पा केला, तर अनुदान अडकण्याची शक्यता असते आणि मधला कांदा सडण्याचीही.